पर्याय निवडल्यावर तो जातो कोठे?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमची नात आमच्याकडे लखनौस राहावयास आली होती. उन्हाच्या झळांमुळे दिवसभर घराबाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून ती कूलरसमोर बसून संगणकावर एक कथा लिहीत असे. ही कथा आपण वाचतो तशी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ जाणारी नव्हती. थोडा मजकूर आला की खाली दोन-चार पर्याय येतात, वाचकाने त्यांतील एक निवडावा आणि कथेने त्या वाटेने पुढे जावे, असा हा प्रकार. त्यास इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात असे तिने आम्हांस सांगितले. आम्हांस तो अगदीच अपरिचित होता असे नव्हे. १९७९ पासून अमेरिकेत निघालेल्या 'चूज युवर ओन अॅडव्हेंचर' या मालेतील पुस्तके आमच्या मुलाने शाळेत असताना वाचलेली आम्ही पाहिली होती. पर्यायाच्या पानावर बोट घालून ठेवायचे, पुढे जाऊन पाहायचे, आणि नायक दरीत कोसळला की निमूटपणे बोटाच्या पानावर परत यायचे, ही त्याची रीत होती. त्या बोटास आम्ही तेव्हा लबाडी म्हणत असू. पुढे आमच्या ध्यानात आले की, नोकरीत तसे बोट घालून ठेवता आले असते तर आम्हीही ते काढले नसते.

नातीची कथा अशी : रेल्वे कॉलनीतील एक मुलगी, वडिलांची बदली झालेली, संध्याकाळच्या गाडीने निघावयाचे. तिने कॉलनीत फिरून निरोप घ्यावयाचे. पर्याय पाच : शेजारच्या काकूंकडे जा, शाळेच्या बाईंना भेट, फाटकावरच्या चाचांकडे जा, ज्या मैत्रिणीशी भांडण झाले आहे तिच्याकडे जा, आणि शेवटी, स्टेशनवर जा. आम्ही चष्मा लावून वाचावयास बसलो. काकूंना भेटलो, बाईंना भेटलो, फाटकावर गेलो. परत कॉलनीच्या चौकात आलो तेव्हा पाहतो तो हे तीन पर्याय नाहीसे झालेले. बाईंचे एक पुस्तक मुलीने परत केलेले नाही असे कथेतच पूर्वी आले होते. ते आम्हांस आठवले आणि पुन्हा त्यांच्याकडे जावेसे वाटले. परंतु वाट बंद! आम्ही तक्रार केली. नात म्हणाली, "आजोबा, एकदा निरोप घेतला की झालं. परत गेलं तर तो निरोप कसला?"

उत्तर हजरजबाबी होते, पण आमचे समाधान झाले नाही. आणि हे नाहीसे होणे प्रत्यक्षात कसे घडवून आणतात ते तिने दाखविले तेव्हा तर असमाधान अधिकच वाढले. ती ज्या भाषेत लिहीत होती तिचे नाव 'इंक', म्हणजे शाई. इंग्लंडातील केंब्रिज येथील इंकल या मंडळींनी ती बनविली आणि २०१६ साली सर्वांस खुली केली. या भाषेत पर्यायाच्या आधी तारका घातली, तर तो एकदाच मिळतो. निवडला की पुढच्या खेपेस दिसत नाही. तारकेऐवजी अधिकाचे चिन्ह घातले, तर तो कितीही वेळा निवडता येतो. आमची अशी कल्पना होती की, निवडलेला पर्याय यंत्र पुसून टाकत असावे. तसे काही नाही. लिहिलेला मजकूर जागच्या जागी असतो. यंत्र फक्त कोणता पर्याय किती वेळा निवडला गेला याची मोजदाद ठेवते, आणि तारकेचा पर्याय दाखविण्यापूर्वी ती मोजदाद पाहते. आकडा शून्य असेल तर दाखवावयाचा, नसेल तर झाकावयाचा. म्हणजे वाचकास जे विस्मरण वाटते ते यंत्राच्या दृष्टीने स्मरणच असते. ज्या यंत्रास काहीच आठवत नाही ते बिचारे तोच पर्याय पुन्हा पुन्हा पुढे करीत राहील. नाहीसे करावयास आठवण लागते, ही गोष्ट आम्हांस सत्तरी उलटल्यावर एका मुलीच्या संगणकावर कळली.

परंतु आमचा खरा आक्षेप दुसरीकडेच होता. भांडण झालेल्या मैत्रिणीचा पर्याय आम्ही निवडला नव्हता. का निवडला नाही हे सांगणे कठीण आहे. आधी सोपी माणसे आटोपावीत, अवघड भेट मागाहून पाहू, अशी आमची जन्माची खोड आहे. तो पर्याय चौकात परत आलो की दर वेळी तेथे उभा. बाकीचे गेले, तो राहिला. शेवटी पडद्यावर दोनच ओळी उरल्या : मैत्रिणीकडे जा, आणि स्टेशनवर जा. आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी सुटली, कथा संपली.

आम्ही नातीस म्हटले, "अगं, हे उलट आहे. जगात असे होत नाही."

जगात काय होते? इंकच्या नियमाप्रमाणे जे निवडले ते जाते आणि जे निवडले नाही ते वाट पाहत राहते. आपल्या आयुष्यात नेमके याच्या विरुद्ध घडते. जे निवडले ते राहते, अंगाला चिकटते, कुंडलीसारखे आपल्याबरोबर गावोगाव हिंडते; आणि जे निवडले नाही ते एके दिवशी चौकात परत यावे तो तेथे नसते. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीच्या पसंतीचा कागद आपल्यापैकी प्रत्येकाने भरलेला आहे. आम्हीही भरला होता. तीन रकाने होते. वाईस आई एकटी होती, आणि पुणे मागितले असते तर मिळण्याचा संभव होता. पण ज्या जागेवर होतो तेथे आणखी दोन वर्षे काढली तर बढतीस बरे पडेल, असा हिशेब करून आम्ही पुणे तिसऱ्या रकान्यात लिहिले. पुढल्या वर्षी पहिल्या रकान्यात लिहू असे मनाशी म्हटले. पुढल्या वर्षी तेच. असे चार वेळा झाले. आई प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारी, "कधी येतोस?" तिचा तो प्रश्न अधिकाच्या चिन्हाचा होता, कितीही वेळा विचारता येण्यासारखा, आणि आमचे उत्तर तारकेचे आहे हे आमच्या गावीही नव्हते. पाचव्या वर्षी आम्ही पुणे पहिल्या रकान्यात लिहिले. तेव्हा वाईस कोणी उरले नव्हते.

आम्ही हे सर्व नातीस सांगितले नाही. एवढेच म्हटले की, न निवडलेला पर्याय असा ताटकळत उभा ठेवणे म्हणजे वाचकाची खोटी समजूत घालणे होय. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग काय करू? थोड्या वेळाने तोही नाहीसा करू? पण मग वाचणाऱ्याला कळणार कसं, की त्याने काय सोडलं?"

हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहोत. पर्याय दिसत ठेवला तर ती लबाडी. काढून घेतला तर वाचकास आपण काय गमावले याचा पत्ताच लागावयाचा नाही, आणि ज्याचा पत्ता नाही त्याची हळहळ तरी कशी वाटणार? या भाषा घडविणाऱ्यांपुढेही ही अडचण उभी राहिली असली पाहिजे, कारण निरनिराळ्या भाषांनी तिची निरनिराळी सोडवणूक केलेली आहे. अमेरिकेतील 'चॉइसस्क्रिप्ट' या भाषेत लेखकाने काही सांगितले नाही तर निवडलेला पर्याय तसाच राहतो. लेखकास वाटले तर तो लपविता येतो. आणि तिसरीही एक सोय आहे, ती अशी की, पर्याय दिसतो, पण फिका पडलेला, न निवडता येणारा. 'ट्वाईन' नावाच्या साधनाच्या 'हार्लो' या प्रकारात तर दुव्याच्या शब्दांचेच तीन स्वभाव आहेत : एक निवडताच विरून जातो आणि त्याच्या जागी नवा मजकूर येतो, दुसऱ्याचे शब्द राहतात पण त्यांतील जीव जातो, आणि तिसरा कितीही वेळा दाबा, तयारच. कोणाच्या गृहीतात काय बसते ते पाहणे मौजेचे आहे. इंकचा गृहीत धरलेला मनुष्य एकदा बोलून पुढे जाणारा. चॉइसस्क्रिप्टचा, पुन्हा पुन्हा त्याच दारावर येणारा. आमचा अनुभव विचाराल तर सरकारी मनुष्य दुसऱ्या जातीचा.

फिका पडलेला पर्याय आम्हांस विशेष भावला, आणि त्याचे कारण आमच्या पेशात आहे. आयुष्यभर हिशेब तपासण्यात गेल्यामुळे खाडाखोडीविषयी आमची मते फार कडक आहेत. चुकलेला आकडा खरवडून काढावयाचा नाही, त्यावर पांढरा रंग फासावयाचा नाही. त्यावर एक रेघ मारावयाची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूस सही करावयाची. रेघेखालचा आकडा वाचता येतो म्हणूनच वरचा विश्वासास पात्र ठरतो. २०१३ साली झोई क्विन यांनी ट्वाईनमध्ये रचलेल्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या कथेत ही रेघ फार वेगळ्या कामासाठी वापरली आहे. मनाच्या विषण्णतेने ग्रासलेल्या माणसाची ती कथा. त्यात उठून कामास लाग, मित्राशी मोकळेपणाने बोल, असे शहाणपणाचे पर्याय पडद्यावर दिसतात, पण रेघ मारलेले. निवडता येत नाहीत. आजार वाढत जाईल तसतशा रेघाही वाढतात. बाहेरचे लोक ज्या माणसास 'हे कर ना, ते कर ना' म्हणून उपदेश करतात, त्यासही ते पर्याय दिसत असतातच. फक्त त्याचा हात तेथे पोहोचत नाही. कथाकाराने ते पर्याय लपविले असते तर वाचकास वाटले असते की, त्या माणसास सुचतच नाही. दाखवून रेघ मारल्यामुळे त्याचे दुःख कळते. पर्याय झाकावा की फिका ठेवावा हा निव्वळ मांडणीचा प्रश्न नाही असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

सरकारी नियमांनी मात्र सामान्यतः तारकेचाच पक्ष घेतलेला आहे. केंद्रीय नागरी सेवांच्या २०१६ च्या सुधारित वेतनाच्या नियमांत जुनी वेतनश्रेणी ठेवावयाची की नवी घ्यावयाची याचा विकल्प तीन महिन्यांत द्यावयाचा होता, आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम, असे स्पष्ट लिहिले होते. ज्याने काहीच कळविले नाही त्याने नवे वेतन पत्करले असे समजावे, अशीही तरतूद होती. इंकमध्ये हुबेहूब अशीच एक तरतूद आहे हे पाहून आम्हांस हसू आले. सर्व तारका संपल्या आणि वाचकापुढे एकही पर्याय उरला नाही तर कथा अडून बसते. म्हणून शहाणा लेखक शेवटी एक बिनशब्दांचा पर्याय घालून ठेवतो. तो कोणास दिसत नाही. बाकीचे संपले की यंत्र तो आपण होऊन निवडते. आपल्यापैकी कित्येकांचे अर्धे आयुष्य या बिनशब्दांच्या पर्यायावर चाललेले असते, आणि आपण मात्र म्हणतो की, आम्ही ठरविले.

अंतिम आणि तात्पुरता हा भेद याहून कितीतरी भयंकर प्रसंगी सरकारी कागदावर आलेला आहे. १९४७ साली फाळणीच्या वेळी सरकारी नोकरांस भारताची नोकरी करावयाची की पाकिस्तानची, हे लेखी कळवावयास सांगितले होते. हा कौल अंतिम म्हणून देता येई किंवा तात्पुरता म्हणूनही देता येई. तात्पुरता दिल्यास सहा महिन्यांच्या आत फिरविण्याची मुभा होती. ज्याने हा नियम केला त्याच्या मनात सद्भावच असावा. पण ते सहा महिने कोणते होते! सहा महिन्यांनी कागदावरचा पर्याय जागेवर असेलही. ज्या गल्लीत परत जावयाचे ती गल्ली, ते शेजारी, ते घर जागेवर होते काय? पर्याय शिल्लक ठेवणे आणि त्या पर्यायाचा अर्थ शिल्लक ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कलमाने साधते. दुसरी कोणाच्याच हाती नसते.

येथे कोणी म्हणेल की, पर्याय बंद करणे हे नेहमी बाहेरच्या सत्तेचेच काम असते असे नाही. मनुष्य स्वतःही तो बंद करतो, आणि त्यातच त्याचा मोठेपणा असतो. भीष्माचे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिभेवर आहे. पित्यासाठी देवव्रताने राज्य सोडले, विवाह सोडला. गंमत अशी की, तो पर्याय पुढे त्याच्यासमोर पुन्हा आला. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हा ज्या सत्यवतीसाठी ही प्रतिज्ञा केली, तिनेच राज्य घे आणि वंश चालव म्हणून त्यास गळ घातली. कथेच्या लेखकाने अधिकाचे चिन्ह घातले होते. भीष्माने आपल्या हाताने त्याची तारका केली. लहानपणापासून आम्ही या दृढतेस हात जोडत आलो आहोत, आणि आजही जोडतो. परंतु अलीकडे आम्हांस भीष्माच्या शेजारी अंबा उभी दिसू लागली आहे. काशिराजाच्या या मुलीने मनाने शाल्वास वरिले होते. भीष्माने स्वयंवरातून तिला जिंकून आणले. मनातले कळताच सन्मानाने परत पाठविले. शाल्वाने दुसऱ्याने जिंकलेली म्हणून नाकारले. विचित्रवीर्याने अन्यावर मन बसलेली म्हणून नाकारले. आणि भीष्माकडे आली तर तेथे प्रतिज्ञा आडवी आली. तिच्यापुढचे सर्व पर्याय एकामागून एक नाहीसे झाले, आणि त्यांतला एकही तिने निवडून संपविलेला नव्हता. एका पुरुषाने आपला एक पर्याय कायमचा मिटविला, त्यात दुसऱ्या एका जिवाचे सगळे मिटले. प्रतिज्ञा करणाराची गोष्ट आपण सांगतो तेव्हा या दुसऱ्या यादीकडे आपले लक्ष नसते. पसंतीच्या कागदावर तीन रकाने आमचे होते. आईसाठी त्यावर रकानाच नव्हता. आमच्या मुलाने चार गावांत सहा शाळा बदलल्या, त्याचाही नव्हता.

तेव्हा जे नाहीसे होते ते कोणाच्या निवडीने, हा प्रश्न पर्याय दिसतो की दिसत नाही याहून वडील आहे, असे आमचे मत होत चालले आहे. कथाकार एखादा प्रश्न एकदाच विचारू देतो, कारण त्याच्याजवळ त्याचे एकच उत्तर लिहून तयार असते. तीच ती उत्तरे ऐकवून पात्र पोपट वाटू नये एवढाच त्याचा हेतू. यात काही गैर नाही. निरोपासारखी कृती तो एकदाच करू देतो, कारण ती तशीच आहे. हे तर सत्यच. पण वाचकाने काही निवडण्यापूर्वीच, केवळ आपल्या सोयीसाठी, वाट बंद करून वर 'तुम्हीच निवडले' असे त्यास भासविणे, याला आम्ही अन्याय म्हणतो, मग तो कथेत होवो, कचेरीत होवो की घरात.

आणि झाकल्याने कृतीचे फळ काही झाकले जात नाही. याच इंकल मंडळींचा २०१४ चा 'एटी डेज' हा खेळ ज्यूल व्हर्नच्या जगप्रवासाच्या कादंबरीवर रचलेला आहे. त्यात वाचक धनी फॉग नसून त्याचा नोकर पासपार्तू असतो. दुसऱ्याच्या वेळापत्रकासाठी आपण निर्णय घ्यावयाचे ही कल्पना आम्हां नोकरमंडळींस फार ओळखीची वाटली. मूळ कादंबरीत हा पासपार्तू मुंबईस मलबार हिलवरील देवळात बूट घालून शिरतो, मार खातो, आणि बूट तेथेच टाकून पळतो. घटना संपली असे त्यास वाटते. सारा देश ओलांडून कलकत्त्यास उतरावे तो पोलीस त्यास न्यायाधीशापुढे नेतात, आणि टेबलावर काय? तेच बूट! देवळात बूट घालून जाण्याचा पर्याय त्यास पुन्हा कधी मिळाला नाही. बूट मात्र त्याच्याआधी पोहोचले होते.

सुट्टी संपत आली तेव्हा नातीने कथा बदलली. आता मैत्रिणीचा पर्याय चौकात दिसतो. वाचक इतरत्र फिरून येतो तशी संध्याकाळ उतरत जाते. आणि गाडीची शिट्टी झाली की तो पर्याय जात नाही, फिका पडतो. अक्षरे वाचता येतात. तिने आम्हांस पुन्हा वाचावयास बसविले. या खेपेस आम्ही प्रथमच मैत्रिणीकडे जाऊ असे ठरवून बसलो होतो. पण काकू समोरच राहत होत्या, बाईंचे पुस्तक द्यावयाचे होते, फाटकावरचे चाचा हात करीत होते. शिट्टी झाली तेव्हा आम्ही फाटकावर होतो.

नात आमच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, मागे जाण्याचीही सोय करता येते. करू का?"

आम्ही त्या फिक्या ओळीकडे थोडा वेळ पाहत राहिलो, आणि नको म्हणून सांगितले. मग तिने विचारले की, स्टेशनावर पोहोचल्यावर तरी ती ओळ काढून टाकू का, उगीच जागा अडविते. तीही राहू दे म्हटले.